पिशवी, अवटू आणि थायरॉईड

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी बरीच वर्षं शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय शिकवते आहे. मुली बहुतेक मराठवाड्यातल्या, मराठी माध्यमातून आलेल्या. पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. जमिनीवर खाकी कागद अंथरायचा, एका मुलीनं त्यावर आडवं व्हायचं, दुसरीनं स्केचपेननं तिच्याभोवती रेघ ओढायची. मग त्या आकृतीत सगळ्यांनी मिळून नावं भरायची, घरी बोलतो ती.

पाच मिनिटांत कागद भरतो. टाळू, कानशील, बुबुळ, पडजीभ, हनुवटी, हासळी, काख, दंड, कोपर, मनगट, बरगडी, बेंबी, जांघ, खुबा, वाटी, नडगी, पोटरी, घोटा, टाच. माकडहाड लिहिताना हशा होतो. एवढ्या नेमक्या शब्दांची शिदोरी घेऊन या मुली वर्गात येतात, आणि हे शब्द शास्त्राचे नाहीत असं त्यांना दहा वर्षांच्या शिक्षणानं पटवून दिलेलं असतं.

दुसऱ्या कागदावर शरीराच्या आतलं भरायला सांगते, आणि वर्ग शांत होतो. मेंदू, हृदय, फुप्फुसं येतात. यकृत कधी डावीकडे जातं, किडनी कमरेच्या खाली उतरते. ओटीपोटात एक गोल काढलेला असतो आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘पिशवी’. तिच्या आजूबाजूला काही नसतं. अंडाशय कुठे आहे असं विचारलं, तर दहावीच्या पुस्तकातली व्याख्या घडाघडा ऐकवतात. कागदावर बोट ठेवायला सांगितलं की बोट हवेत थांबतं.

एका वर्षी एका हुशार मुलीला मी वृक्काचं कार्य विचारलं. नेफ्रॉनपासून सगळं सांगितलं तिनं. तिच्या आजोबांचं डायलिसिस चालू होतं, हे मला माहीत होतं. कशाचं आहे विचारलं, तर म्हणाली, किडनीचं. मग वृक्क आणि किडनी यांत फरक काय? ती गोंधळली. शाळेच्या पुस्तकात वृक्क, दवाखान्याच्या पाटीवर मूत्रपिंड, घरात किडनी. एकाच अवयवाला तीन नावं, आणि तीन नावांची तीन घरं. मुलगी त्या तिन्ही घरांत राहत होती, पण एकातून दुसऱ्यात जायला दार नव्हतं.

वैद्यकीय शिक्षण मराठीतून असावं की नाही, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या हिंदी पुस्तकांचं प्रकाशन झालं. त्यात शरीररचना होती, शरीरक्रिया होती. त्यानंतर महाराष्ट्रातही तो विषय तापला. एका बाजूला मराठीचा अभिमान, दुसऱ्या बाजूला इंग्रजीवाचून मुलं अडतील ही भीती. दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलतात, यात मला शंका नाही. पण दोन्ही बाजू पुस्तकातल्या शब्दाबद्दल बोलतात: तो संस्कृतवरून घडवायचा की इंग्रजीतून जसाच्या तसा घ्यायचा. जिच्या पोटात तो अवयव आहे तिच्या तोंडात काय शब्द आहे, हे या वादात कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही. माझं म्हणणं असं आहे की पहिल्या वर्षाचं शरीरशास्त्र रुग्णाच्या शब्दापासून सुरू झालं पाहिजे, त्याची परीक्षा झाली पाहिजे, आणि हे नर्सिंगलाच नव्हे, एमबीबीएसलाही लागू असलं पाहिजे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. इंग्रजी वैद्यकातली जी नावं आपल्याला भारदस्त वाटतात, ती मुळात लॅटिन आणि ग्रीकमधली घरगुती नावं आहेत. पटेला म्हणजे छोटी थाळी. आपण गुडघ्याची वाटी म्हणतो. क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. आपल्याकडे त्याच हाडाला गळ्यातल्या दागिन्यावरून हासळी म्हणतात. कमरेच्या हाडांचं पेल्व्हिस म्हणजे घंगाळासारखं पसरट भांडं. कानाच्या आतली कॉक्लिया म्हणजे गोगलगाय. प्युपिल ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ छोटी बाहुली, कारण समोरच्याच्या डोळ्यात पाहिलं की आपलंच चिमुकलं रूप दिसतं. आणि मराठीत डोळ्यात बाहुलीच असते. हजारो मैलांवरच्या माणसांनी एकाच जागी पाहून एकच प्रतिमा उचलली! मसल म्हणजे छोटा उंदीर, कातडीखाली पळतो तसा. आपली मुलं दंड वळवून ‘बेटकुळी’ दाखवतात, म्हणजे छोटा बेडूक. कॉक्सिक्स या हाडात ग्रीकांना कुक्कू पक्ष्याची चोच दिसली, आपल्या लोकांना माकडाची शेपटी. शेपटीचाच तो अवशेष असल्यामुळे माकडहाड हे नाव मला दोहोंत जास्त शास्त्रीय वाटतं.

थाळी, किल्ली आणि उंदीर ही नावं जगभर चालली, कारण त्यांवर लोकांनी एकमत केलं. तेही सहज झालं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शरीराच्या सुमारे ५,००० भागांना मिळून ५०,००० च्या आसपास नावं झाली होती. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे शरीररचनाशास्त्रज्ञांनी त्यांची निवडानिवड करून एक यादी ठरवली. ती पुढे वारंवार बदलली. १९९८ च्या यादीत पायाच्या एका मज्जातंतूचं जुनं ‘पेरोनिअल’ हे नाव मागे पडून ‘फिब्युलर’ पुढे आलं. ‘पेरिनिअल’ या वेगळ्याच जागेच्या नावाशी त्याची गल्लत होत होती. नाव गोंधळात टाकत असेल तर ते बदलतात, त्यात कुणाच्या भाषेचा अपमान होत नाही.

आपल्याकडे ही निवडानिवड कुणी मनावर घेतली नाही. संस्कृतचा आधार घेतल्यानं सगळ्या भारतीय भाषांत एकच परिभाषा होईल, असं आपल्याला सांगितलं गेलं. प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आजच्या भाषेत मसल. स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे दोर. मराठीत आपण स्नायू हा शब्द मसलला दिला आणि पेशी हा सेलला. हिंदीनं मसलला मांसपेशी म्हटलं आणि सेलला कोशिका. बंगालीत स्नायू म्हणजे नर्व्ह. तीन भाषा, एकच संस्कृत शब्द, तीन वेगळे अवयव. मज्जेचंही तसंच. आयुर्वेदात मज्जा हाडाच्या पोकळीतली. मराठीत मज्जातंतू आणि मज्जारज्जू मेंदूशी जोडलेले. आणि मग हाडातल्या मूळ मज्जेला वेगळं काढायला अस्थिमज्जा म्हणावं लागतं. पहिल्या वर्षाच्या मुलीला हे समजावताना माझा अर्धा तास जातो, आणि तो शरीरावर नाही, शब्दांच्या भांडणावर जातो.

अवटूचं तर मला मनापासून दुःख होतं. थायरॉईडला मराठी पुस्तकांत अवटू ग्रंथी म्हणतात. अमरकोशात अवटू हा शब्द मानेच्या मागच्या भागासाठी येतो. थायरॉईड मानेच्या पुढे, श्वासनलिकेला बिलगून असते. म्हणजे ज्या कुणी मूळ अर्थ शोधत जाईल, ती मानेच्या चुकीच्या बाजूला पोहोचेल. विकर हा दुसरा. एंझाइमला विकर, आणि रोगाला विकार. एका कान्याचा फरक. घाईत लिहिलेल्या उत्तरपत्रिकेत ‘पाचक विकर’ आणि ‘पाचक विकार’ मी रोज वेगळे करते. ज्या विद्वानांनी हे शब्द घडवले त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. राज्याच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश माझ्या टेबलावर असतात आणि मी ते वापरते. पण हे शब्द कागदावर घडले, कुणी ते रुग्णाजवळ उच्चारून पाहिले नाहीत.

तर मग इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहावेत, असं कुणी म्हणेल. भोपाळच्या हिंदी पुस्तकांनी बऱ्याच प्रमाणात तेच केलं. त्यातही खड्डा आहे. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि खुब्याचं पसरट हाड, या दोहोंची इंग्रजी नावं एका अक्षरानं वेगळी आहेत. देवनागरीत दोन्ही ‘इलियम’. इंग्रजीत डोळ्याला दिसणारा तेवढासा फरकही आपण पुसून टाकला. त्याऐवजी ‘लहान आतड्याचा शेवटचा भाग’ आणि ‘खुब्याचं हाड’ असं म्हणावं. चुकायला जागाच नाही. हायपर आणि हायपो हेही कानाला जुळे. रात्रपाळीत फोनवरून ‘हायपोग्लायसेमिया’ ऐकू आलं की ‘हायपर’, यावर इन्सुलिन द्यायचं की साखर हे ठरतं. ‘साखर उतरली’ आणि ‘साखर वाढली’ यांत अशी चूक होत नाही.

आणि शब्द उसना आला, पण त्याच्याबरोबर समज आली नाही, तर काय होतं ते रोज बाह्यरुग्ण विभागात ऐकू येतं. ‘मला थायरॉईड आहे.’ ‘ह्यांना प्रोस्टेट झालंय.’ ‘पोराला अपेंडिक्स झालं.’ अवयवाचंच नाव रोगाचं नाव होऊन बसलं, कारण तो अवयव आपल्यात होता हे त्या घराला पहिल्यांदा रिपोर्टच्या कागदावरून कळलं. थायरॉईड प्रत्येकाला असते. बाईला असं सांगावं लागतं: तुमच्या गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी आहे, ती शरीराची गती सांभाळते, तिचं काम मंदावलं आहे, म्हणून थकवा येतो, वजन वाढतं, पाळी बिघडते. इथे थायरॉईड म्हणा, मला काही अडचण नाही. ते एक वाक्य मात्र मराठीत हवं, आणि नर्सला, डॉक्टरला ते तोंडपाठ हवं. परिभाषा कोशात नाम मिळतं, हे वाक्य मिळत नाही.

मी लोकभाषेची भक्त आहे आणि बाकी सगळं टाकून द्या म्हणते आहे, असं कुणाला वाटेल. तसं नाही. लोकभाषेत मोठ्या उणिवा आहेत. ‘शीर’ हा एकच शब्द घ्या. शिरेतून सलाईन लावतात, तेव्हा ती रक्तवाहिनी असते. कमरेतली शीर दबते, तेव्हा मज्जातंतू. शिरेवर शीर चढते, तेव्हा पोटरीच्या स्नायूत गोळा आलेला असतो. कमरेतून पायात कळ जाणाऱ्या माणसाला शीर दबली एवढंच सांगितलं, तर तो रक्त अडलं समजून तेलानं रगडत बसतो. ‘पोट’ तसंच. जेवण पोटात, बाळही पोटात. लहान मुलं तर सोडाच, मोठ्या बायकांनीही मला विचारलं आहे की तिखट खाल्लं तर बाळाला झोंबतं का. ‘काळीज’ खाटकाकडे यकृत असतं आणि घाबरल्यावर धडधडतं तेव्हा हृदय. हे केवळ मराठीचं दुबळेपण नाही. आज मज्जातंतूच्या पेशीला लावतो तो न्यूरॉन हा शब्द ग्रीक लोक आधी कंडरेसाठीही, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीसाठीही, वापरत. धमन्यांतून हवा वाहते असं त्यांच्यातल्या मोठमोठ्या वैद्यांना वाटे. आपला धमनी शब्दही ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ फुंकणं. प्रत्येक समाजाला हे भेद शिकावे लागले. शिकवणाऱ्यानं ‘शीर’ हा शब्द पुसून टाकू नये. तो उचलावा आणि त्याचे तीन धागे वेगळे करून दाखवावेत: ही रक्ताची शीर, ही संवेदनेची, ही हाडाला ओढणारी दोरी. मग रक्तवाहिनी, मज्जातंतू, कंडरा हे शब्द द्यावेत. तेव्हा ते बसतात, कारण त्यांना खाली जागा तयार झालेली असते.

आणि एका ठिकाणी लोकभाषा पूर्ण मुकी आहे. बाई म्हणते, ‘खाली दुखतंय.’ ‘लघवीच्या जागी खाज आहे.’ ‘अंगावर पांढरं जातंय.’ ‘अंग बाहेर येतंय.’ लघवीचं द्वार आणि योनीमार्ग वेगळे आहेत, हे तीन बाळंतपणं झालेल्या बाईलाही अनेकदा ठाऊक नसतं. बोलीत या अवयवांना शब्द आहेत, पण ते शिव्यांत वापरून वापरून असे झालेत की कुठलीही आई ते मुलीसमोर उच्चारणार नाही. इथे संस्कृतनं आपल्यावर उपकार केले आहेत. योनीमार्ग, गर्भाशय, स्तन हे शब्द स्वच्छ आहेत. लाज न वाटता मोठ्यानं म्हणता येतात. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले, आणि या अवयवांबद्दल मराठीत सरळ वाक्यं लिहून दाखवली. ती वाक्यं आज आमच्या वर्गात सहज बोलली जायला हवी होती. अजूनही योनीमार्ग म्हणताना पहिल्या महिन्यात मुलींचा आवाज खाली जातो.

म्हणजे माझा पक्ष संस्कृतचाही नाही, इंग्रजीचाही नाही. पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी हे शब्द पुस्तकातून आले आणि खेड्यापर्यंत पोहोचले. डेंग्यूच्या दिवसांत ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्यात’ असं कुणीही म्हणतो. त्याच तापात रक्तबिंबिका कुणी म्हटलं नाही, प्लेटलेट म्हटलं. श्वासपटल (डायफ्रॅम) हा किती सुंदर शब्द आहे, आणि त्याला बोलीत पर्यायही नाही. तो रुजवायला हवा. जो शब्द ऐकून अवयवाची जागा किंवा काम डोळ्यांपुढे येतं, तो ठेवावा, मग तो कुठूनही आलेला असो.

आता ‘पिशवी’कडे येते. हा लेख मी मुख्यतः तिच्यासाठीच लिहायला घेतला.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यात तिशी-पस्तिशीच्या बायका होत्या, त्याहून लहानही होत्या. कारणं अनेक आहेत: मुकादमाची उचल, एक दिवस खाडा झाला तर पडणारा दंड, फडावर ना शौचालय ना पाणी, कॅन्सरची दाखवलेली भीती, शस्त्रक्रियेवर चालणारी खासगी दुकानदारी. शब्दामुळे हे सगळं घडलं असं मी म्हणणार नाही. पण शब्दानं ते सोपं केलं, असं मी नक्की म्हणेन.

पिशवी म्हणजे काय? रिकामी असते, भरते, रिकामी करतात, फाटली की टाकून देतात. मुलं झाली, आता पिशवीचं काम काय? ‘पिशवी खराब झालीय, काढून टाकू.’ या वाक्याला बाई नाही म्हणणार कशी? त्या शब्दातच काढून टाकणं आहे. प्रत्यक्षात गर्भाशय हा साधारण साडेसात सेंटिमीटर लांबीचा, जाड स्नायूंचा अवयव आहे. तो बंधांनी जागेवर धरलेला असतो, मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मधोमध. त्याच्या दोन्ही बाजूंना अंडाशयं असतात, आणि पाळी, हाडांची बळकटी, झोप, त्वचा यांचा संबंध त्यांच्यातून येणाऱ्या संप्रेरकांशी असतो. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली, तर तिशीतल्या बाईला एका दिवसात रजोनिवृत्ती येते. अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि ती पुन्हा कोयता उचलायला फडावर जाते. ‘पिशवी काढली’ या वाक्यात अंडाशय ठेवलं की काढलं, याचा उल्लेखच नाही. मी अशा बायकांना विचारलं आहे. त्यांना माहीत नसतं. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, आणि कार्ड बहुतेक वेळा हरवलेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये एक महत्त्वाचा निकाल दिला. एक बाई तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती. त्याच वेळी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. न्यायालयानं सांगितलं, तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेला दिलेली संमती होत नाही. रुग्णाला काय करणार, का करणार, दुसरे पर्याय कोणते, हे पुरेसं समजावलं असेल तरच ती संमती. आता मला सांगा, जिच्या भाषेत अंडाशयाला शब्दच नाही, तिची अंडाशय काढण्याला संमती कशी घ्यायची? अंगठा मिळेल, सही मिळेल. संमती कुठून मिळणार? आणि संमतीपत्र समोर धरणारी व्यक्ती बहुतेक वेळा माझी विद्यार्थिनी असते. ती काय बोलेल ते तिच्या पहिल्या वर्षाच्या शरीरशास्त्राच्या तासाला ठरतं.

यावर नेहमी येणारा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो घेणारे माझेच सहकारी आहेत. मराठीच्या नादात मुलींचं इंग्रजी कच्चं राहील. केसपेपर इंग्रजीत, औषधांची नावं इंग्रजीत, उद्या त्या मुंबईला, केरळी नर्सांबरोबर आखाती देशांत जातील. तिथे काय पोटरी म्हणणार? खरं आहे. म्हणून मी इंग्रजी संज्ञा टाकायला सांगत नाही. माझ्या वर्गात गॅस्ट्रोक्नेमियस पाठ करावंच लागतं. पण आधी पोटरीला हात लावून. पोटरीपासून गॅस्ट्रोक्नेमियसपर्यंत गेलेली मुलगी वॉर्डात परत पोटरीपर्यंत येऊ शकते. थेट गॅस्ट्रोक्नेमियसपासून सुरुवात केलेली येत नाही, ‘पायाला प्रॉब्लेम आहे’ म्हणून थांबते. इतिहासातही मराठीतून वैद्यक शिकवण्याचे प्रयत्न झाले आहेत. १८२६ साली मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली आणि सहा वर्षांत बंद पडली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज इंग्रजीतून सुरू झालं, आणि पुढे १८६० च्या दशकात तिथेच मराठी आणि गुजराती वर्ग काढावे लागले, कारण गावोगावच्या दवाखान्यांना माणसं हवी होती. इंग्रजीचं मोठं कॉलेज असूनही ही गरज उरली, आणि आजही आहे. संपूर्ण एमबीबीएस मराठीतून करण्याच्या घोषणेला मात्र माझा पाठिंबा नाही. अवटू आणि अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) पाठ करून झालेला डॉक्टर रुग्णाच्या जवळ एक पाऊलही जात नाही.

मला हवं आहे ते छोटं आहे आणि उद्या करता येईल. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून सुरुवातीचा पायाभूत कार्यक्रम आहे, त्यात स्थानिक भाषा शिकवणंही अपेक्षित आहे. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. ती मुलं बिहार, राजस्थान, केरळमधून येतात. त्यांना ‘तुमचं नाव काय’ शिकवून काय होणार? त्यांना उसण, चमक, कळ, ठणका, मुरडा, मुंग्या, भोवळ, उमासे, धाप हे शब्द शिकवा, आणि प्रत्येक शब्दासमोर कोणता अवयव, कोणती क्रिया बिघडली असेल ते विचारा. ‘उन्हाळी लागली’ म्हणजे ऊन लागलं नाही, लघवीला जळजळ आहे, हे परप्रांतातून आलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात कळलं पाहिजे. पहिल्या वर्षाच्या शरीररचनेच्या प्रात्यक्षिकात दहा गुण यासाठी ठेवा: हाडावर बोट ठेवून त्याचं इंग्रजी नाव सांगा, मराठी सांगा, आणि ते मोडल्यावर रुग्णाला काय सांगाल ते एका वाक्यात बोलून दाखवा. गुण नसतील तर कुणी शिकणार नाही, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि परिभाषा कोशाच्या पुढच्या आवृत्तीत एक रकाना वाढवा, बोलीतल्या शब्दांचा. विदर्भात, कोकणात, खानदेशात, आमच्याकडे काय म्हणतात ते आशाताई आणि एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) यांच्याकडून गोळा करा. प्लीहेला पांथरी म्हणणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. मलेरियात पोटाच्या डाव्या बाजूला हात लावून ‘पांथरी वाढलीय’ सांगणाऱ्या आज्या मी पाहिल्यात. तो शब्द गेला तर त्याच्या जागी दुसरा मराठी शब्द येणार नाही, तिथे काहीच उरणार नाही.

आमच्या वर्गाची अशी एक वही आहे. दर वर्षीच्या मुली त्यात भर घालतात. त्यात अंडाशयासमोरची जागा बरीच वर्षं रिकामी होती. ‘पिशवीच्या बाजूच्या दोन गाठी’ असं एकीनं लिहिलं होतं, आम्ही ते खोडलं. गाठ म्हटलं की बाई कॅन्सरच समजते. ‘बदामाएवढं’ हे मापाला ठीक, पण त्यातून काम कळत नाही.

मागच्या तुकडीत परभणीकडची एक मुलगी होती, शेतकऱ्याच्या घरातली. अंडाशयाची शरीरक्रिया शिकवत होते. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत १० ते २० लाख बीजं असतात, नवीन एकही तयार होत नाही. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात त्यातली ४००-५०० च पिकून बाहेर पडतात. ती हळूच म्हणाली, ‘मॅडम, ही तर बियाण्याची कणगी झाली. एकदाच भरलेली.’ वहीत ते लिहिलं गेलं.

पुढच्या महिन्यात तिची बाळंतिणींच्या वॉर्डात ड्युटी होती. तिसरं बाळंतपण झालेल्या एका बाईला ती हे सांगत होती, बोटानं स्वतःच्या ओटीपोटावर दाखवत: इथे पिशवी, आणि हिच्या दोन बाजूंना दोन कणग्या. गावातल्या एका दवाखान्यात त्या बाईला पिशवी काढून टाकायला सांगितलं होतं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, ‘पिशवी काढली तर कणग्या राहतेत का त्याबी काढतेत?’